मुकादम आत की बाहेर

सोमवारी सकाळी जगदीश पेडणेकरांनी आपल्या खोलीचं दार लावून आतून कडी घातली, आणि तिथूनच सगळी गडबड सुरू झाली.

परळच्या त्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. सकाळी पाणी आलं की दारं उघडायची, ती रात्री मालिका संपल्यावर बंद व्हायची. घरात कुणी आजारी असलं तरी दार फार तर लोटलेलं असायचं. दिवसाढवळ्या कडी म्हणजे एक तर नवराबायकोचं भांडण, नाहीतर आत कुणीतरी कपडे बदलतंय. जगदीशच्या खोलीत भांडायला कुणी उरलं नव्हतं. बायको, पद्मजा, जाऊन तीन महिने झाले होते.

कडी घातली होती ती मुकादमासाठी. मुकादम म्हणजे पद्मजाचा बोका. राखाडी, जाड मानेचा, एका कानाला खाच पडलेला. पिल्लू होता तेव्हापासून तो गॅलरीतून चालत जाऊन प्रत्येक दारात थांबायचा, आत नजर टाकायचा, कुणी काय चालवलंय ते बघायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. पद्मजाचे वडील गिरणीत होते. ती म्हणाली, "हा आमच्या बाबांच्या खात्यातला मुकादमच." तेच नाव राहिलं.

मागच्या आठवड्यात मुकादम बाहेर गेला तो दोन दिवस आलाच नाही. त्या दोन दिवसांत जगदीशने चहा केला आणि थंड करून ओतून दिला, असं बरेचदा झालं. खुर्चीत बसायचं, उठायचं, गॅलरीच्या कठड्यापर्यंत जायचं, परत येऊन बसायचं. कठड्याच्या पलीकडे मात्र तो गेला नाही. तीन महिन्यांत तो जिना उतरलाच नव्हता. भाजी शेजारचे आणून देत होते, पेन्शन मुलगी, वैशाली, मोबाइलवर बघत होती.

तिसऱ्या दिवशी मुकादम आला, आपल्या वाटीतलं दूध प्यायला आणि काहीच झालं नाही असा झोपला. जगदीशने त्याच दिवशी वैशालीला ठाण्याला फोन लावला.

"बाबा, मी तुला कधीपासून सांगतेय, त्याला घरातच ठेव. आता सगळे इनडोअरच ठेवतात. आमच्या सोसायटीत तर मांजर दाराबाहेर काढतसुद्धा नाहीत."

"तुमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावरून मांजर जाणार कुठे?"

"आणि तुमच्या गल्लीत त्या नव्या टॉवरच्या गाड्या कशा येतात बघतोस ना? एखाद दिवशी चाकाखाली..."

"गप बस."

"मी काळजीनं बोलतेय."

"कळलं. ठेवतो आत."

शेजारच्या शेवंतीवहिनींचं मत अगदी उलटं. त्या मालवणकडच्या, चाळीत चाळीस वर्षं काढलेल्या, आणि मत न विचारता द्यायचं ही त्यांची सवय.

"भावजी, बोको तो. त्येका कोंडून कसा चलात? पद्मजान कधी कोंडल्यान नाय."

"पद्मजाला धीर होता, वहिनी."

पद्मजा हॉस्पिटलला गेली ती स्वतःच्या पायांनी, हातात पिशवी घेऊन. दारात वळून म्हणाली होती, "संध्याकाळपर्यंत येते. भात लावून ठेवा." जगदीशने भात लावला होता. तेव्हापासून कुणी दाराबाहेर पडलं की ते परत येईपर्यंत त्याची नजर दारावरून हलायची नाही. माणूस काय आणि बोका काय.

तर सोमवारी कडी घातली. गॅलरीकडच्या खिडकीची झडप मुकादमाला पंजाने ओढता येत होती, म्हणून तिला आतून नायलॉनची दोरी बांधली. गाठ अशी मारली की स्वतःलाही सोडवता येऊ नये.

पहिला अर्धा तास मुकादम दारासमोर बसून राहिला. मग ओरडायला लागला. मग दारावर नखं ओढायला लागला. जगदीश एकदा खुर्चीत, एकदा दारापाशी, एकदा ओट्यापाशी.

"अरे, तुझ्याच भल्यासाठी आहे हे."

मुकादमाने हे ऐकलं आणि कपाटावर, कपाटावरून पोटमाळ्यावर उडी मारून मागच्या भांड्यांत दिसेनासा झाला.

आता जगदीशला आठवलं की पद्मजा त्याला खाली आणायला सुका बोंबील भाजायची. डबा सापडला. गॅस पेटवला, तव्यावर दोन बोंबील टाकले. वास सुटला, पण माळ्यावर हालचाल नाही. आपण गॅस बारीक केला असं जगदीशला वाटलं. त्याने शिडी लावली आणि तो वर चढला.

माळा बुटका. गुडघ्यांवर रांगत तो पितळेच्या घंगाळापर्यंत पोचला. घंगाळात दोन डोळे चमकत होते. जगदीशने हात पुढे केला. मुकादम त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून धावत गेला आणि थेट खाली उतरला. त्याला अडवायला जगदीशने पाय मागे झाडला, तो नेमका शिडीला लागला. शिडी सावकाश तिरकी झाली आणि खुर्चीला घेऊन आडवी पडली.

तो आवाज भिंतीपलीकडे शेवंतीवहिनींनी ऐकला.

त्या आधीच अस्वस्थ होत्या. सकाळपासून गॅलरीतून तीन फेऱ्या मारून झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा ते दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवली.

"भावजी?"

जगदीश माळ्यावर गप्प राहिला. ओ दिली तर त्या दार उघडायला सांगणार, आणि दार आपण उघडू शकत नाही हे सांगितलं तर कारण सांगावं लागणार. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आपण बोक्यामागे माळ्यावर चढलो हे संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं असतं. आपणच काहीतरी करून उतरू, असं त्याने ठरवलं.

"भावजी, काय पडला ओ?"

जगदीशने माळ्याच्या कडेवरून एक पाय खाली सोडून बघितला आणि परत वर घेतला.

शेवंतीवहिनींनी पलीकडच्या खोलीतल्या गौतमला उठवलं. गौतम हॉस्पिटलात टेक्निशियन, रात्रपाळी करून आत्ताच झोपला होता. तो तसाच हाफ पँटवर, केस उभे, बाहेर आला.

"काका? काका, आवाज द्या."

त्याने फोन लावला. फोन आत वाजला. जगदीशने वरून बघितलं. फोन खुर्चीजवळ जमिनीवर पडला होता आणि मुकादम त्याच्याकडे मान वाकडी करून बघत होता.

"फोन वाजतोय, उचलत नाहीयेत," गौतम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "काकू, शेवटचं कधी बघितलंत त्यांना?"

"काल सांजेक. जेवणाचो डबो दिलंय तेवा."

गॅलरीत माणसं जमायला लागली. वरच्या मजल्यावरून विकास शिर्के उतरले. हे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून ते प्रत्येक गोष्टीकडे त्याच नजरेने बघायचे.

"दार बंद कशासाठी? या आठवड्यात सर्व्हेवाले येणार आहेत. बंद दिसलं तर खोली रिकामी लिहून मोकळे होतील."

"शिर्के, माणूस आत पडलाय आणि तुमचं काय?" गौतम म्हणाला. "तोडू या दार."

हे ऐकल्यावर जगदीशला तोंड उघडावंच लागलं.

"दार तोडू नका. मी आहे."

गौतमने दाराला कान लावला.

"काका, ठीक आहात ना?"

"ठीक आहे."

"मग दार उघडा."

"उघडता येत नाही. मी माळ्यावर आहे."

"माळ्यावर कशाला?"

"साफसफाई."

"मग उतरा."

"शिडी पडल्येय."

"खिडकी ढकलून काठीनं कडी काढतो."

"खिडकीला दोरी आहे."

दार बंद, खिडकीला दोरी, शिडी आडवी. शेवंतीवहिनींनी पदर तोंडावर धरला. गौतम दाराच्या अगदी जवळ आला आणि हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, दोरी कशाला बांधलीत?"

काय समजलं जातंय ते जगदीशच्या उशिरा लक्षात आलं.

"अरे, मुकादमासाठी. त्याला आत ठेवलंय. बाहेर जाऊ नये म्हणून."

आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग जो तो बोलायला लागला. कोण म्हणे मांजर आत ठेवलं तर वेडं होतं, कोण म्हणे बाहेर ठेवलं तर मरतं, कुणाच्या बहिणीच्या मांजराने पडदे फाडले होते, कुणाचं मांजर लग्नाच्या वरातीमागे गेलं ते गेलंच. शिर्के म्हणाले, मांजराची नोंद कमिटीकडे कुणीच केलेली नाही. गौतम कठड्याला टेकून डोळे चोळत होता. जगदीश माळ्यावर पालथा पडून आपल्या बंद दारातून सगळं ऐकत होता आणि मधेमधे उत्तरं देत होता.

"एक दिवस ठेवून बघू म्हटलं, वहिनी."

"पण भावजी, ह्यो वास कसलो?"

जगदीशने ओट्याकडे बघितलं. गॅस बारीक झालेला नव्हता. बोंबील काळे पडून तव्यावरून धूर चढत होता, आणि धूर चढतो तो माळ्यावरच येतो. ओट्याखाली मुकादम मान वर करून बसला होता. त्याने बोंबलांकडे बघितलं, मग जगदीशकडे.

"बोंबील," जगदीश खोकत म्हणाला.

"सोमवार असा आज. आणि तुमी बोंबील जाळतास?"

"मी नाही खाणार, वहिनी. त्याला..." पुढचं खोकल्यात गेलं.

"बस झालं," गौतम म्हणाला. "बाजूला व्हा सगळे."

"तोडू नको," जगदीश वरून ओरडला. "तो बाहेर जाईल."

"तुम्ही वर जाल त्याच्या आधी."

दार जुनं होतं, फळ्यांचं. कडी मजबूत निघाली, बिजागऱ्या नाही. गौतमचा खांदा दुसऱ्यांदा लागला तेव्हा अख्खं दार चौकटीतून सुटलं आणि त्याच्यासकट आत पडलं. आवाजाने खालच्या मजल्यावरचे लोकही वर आले. शेवंतीवहिनी दारावरून चालत गेल्या आणि गॅस बंद केला. तव्यावर पाणी ओतलं, त्याचा आणखी धूर झाला. गौतमने शिडी उभी केली.

या सगळ्यांच्या पायांमधून मुकादम बाहेर पडला. घाई नव्हती. शेपटी उभी, गॅलरीतून चालत, कोपऱ्यावर वळून जिन्याकडे.

जगदीश शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उतरला.

"काका, बसा, पाणी..."

"अडवा त्याला."

पण अडवणार कोण, सगळे आत. जगदीश चपला न घालता निघाला. गॅलरी संपली, जिना आला. क्षणभर थांबला, कारण पायांना सवय राहिली नव्हती. मग खालून कुणीतरी "ए, बोका बघ" म्हणालं आणि तो उतरला.

पहिल्या मजल्यावर मुकादम नव्हता. तिथल्या कमलाबाईंनी जगदीशला बघितलं आणि निवडत असलेली मेथी खाली ठेवली.

"भावोजी, तुम्ही? या, बसा."

"बसत नाही. बोका आला का इकडे?"

"सोमवारी कशाला येईल? आमच्याकडे सोमवारी मासे नसतात. तो मंगळवारी येतो. आज तो पाठच्या बिल्डिंगला, आकांक्षाकडे. त्यांच्यात वार पाळत नाहीत." आणि मग, "पद्मजाताईंनी सांगितलं नाही कधी? त्यांना पाठ होतं सगळं. त्या यायच्या की मागोमाग, गप्पा मारायला."

जगदीशला हे माहीत नव्हतं. पद्मजा बोका शोधायला जाते आणि तासाने येते, एवढंच त्याला माहीत होतं.

तो पाठच्या बिल्डिंगला गेला. आकांक्षा म्हणाली, आला होता, बांगड्याचं डोकं खाऊन गेला, आणि काका, तुम्ही अनवाणी? तिने त्याला नवऱ्याच्या चपला दिल्या आणि चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही. तिथून गिरणीच्या जुन्या भिंतीपाशी मासे विकणाऱ्या बाईकडे. ती म्हणाली, "येतो तो, पण दुपारी. तुम्ही पेडणेकरबाईंचे मिस्टर ना? बऱ्याच दिवसांत त्या आल्या नाहीत." जगदीशने तिला सांगितलं. तिने हातातली सुरी ठेवली, ओल्या हातांनीच त्याच्या मनगटाला धरलं. मग एका पिशवीत मूठभर करंदी घातली आणि पैसे घेतले नाहीत.

मुकादम कुठेच सापडला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा जगदीश दुसऱ्याच्या चपला घालून, करंदीची पिशवी घेऊन जिना चढला. आता दारही नाही, कडीही नाही, आणि तोही नाही.

गॅलरीच्या तोंडाशी शेवंतीवहिनी उभ्या होत्या.

"खंय होतास तुमी? किती वेळ?"

"त्याला शोधत होतो. नाही मिळाला."

"मिळणार कसो? तुमी गेलात आणि तो धा मिनिटात इलो. तवापासून थंय बसलोहा. दूध दिलंय, पिलो नाय. आत जा म्हटलंय, गेलो नाय."

दाराची रिकामी चौकट होती. उंबऱ्यावर मुकादम बसला होता, पुढचे पाय जुळवून, जिन्याकडे तोंड करून. त्याच्यामागे खोली सताड उघडी होती.

फोन वाजत होता. जगदीशने मुकादमाला ओलांडून आत जाऊन तो उचलला.

"बाबा, गौतमने सांगितलं. काय चाललंय तुझं? मुकादम आत आहे की बाहेर?"

"आत आहे. उंबऱ्यावर."

"आणि तू मला फोन का नाही केलास? अख्खी दुपार उचलला नाहीस."

"मी बाहेर गेलो होतो."

"बाहेर म्हणजे? खाली?"

"खाली. पाठच्या बिल्डिंगला, मग मासेवालीकडे." जगदीशने भाताचं पातेलं ओट्यावर घेतलं. "भात लावतोय आता. नंतर बोलू."

मुकादम उंबऱ्यावरून उठून आत आला. जगदीशच्या पायांतल्या परक्या चपलांचा वास घेतला, आणि कामावर उशिरा आलेल्या माणसाकडे बघतात तसं वर बघितलं.

"उद्या लवकर येईन," जगदीश म्हणाला.