दामूकाकांचं फडकं

आमच्या जामसंड्याच्या वाचनालयात नवीन माणूस आला की दामूकाका त्याच्या हातात आधी फडकं द्यायचे. नाव-गाव सगळं नंतर. "जरा ह्यो कप्पो पुसून देशात? माझी कंबर धरली हा." कंबर ठणठणीत होती. तीस वर्षं शिपाई असलेला हा माणूस रोज सकाळी सायकलवरून आंब्याच्या पेट्या पोचवून मग कामावर यायचा.

मी तिथे ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते. ग्रंथालयशास्त्राचा कोर्स ताजा, अंगात उत्साह मावत नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त तलाठी तोंडाला रुमाल बांधून कपाट पुसताना दिसले आणि मी लाजेने अर्धमेली झाले. वाचक म्हणजे पाहुणे, त्यांना कामाला जुंपायचं नाही, असं काकांना बजावलं आणि फडकी कुलुपात टाकली. दारावर पाटी लावली, 'काय हवे ते मोकळेपणाने विचारा.' काका "बरा आसा" म्हणाले आणि अंगण झाडायला निघून गेले.

मग काजूच्या कारखान्यात काम करणारी सुलभा पायरीपर्यंत येऊन परत जायला लागली. तिसऱ्या दिवशी मी तिला गाठलं, खुर्चीत बसवलं आणि फॉर्म काढला. नाव, पत्ता, शिक्षण. शिक्षणावर ती अडली. कोणती पुस्तकं आवडतात, असं मी अगदी गोड हसून विचारलं. गॅसवर दूध ठेवलंय म्हणून ती उठली ती गेलीच.

काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुपारी थेट कारखान्यावर गेले आणि पुसायला माणूस नाही, अर्धा तास येशील का, असं तिला विचारून आले.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी निमूटपणे कुलूप काढलं. फडकं हातात आल्यावर बाईचा बुजरेपणाच गेला. एकेक पुस्तक काढायची, पुसायची, उघडून बघायची. चौथ्या कप्प्याशी हात थांबला आणि आमच्याकडे पाठ करून ती उभ्यानेच वाचत राहिली. मी मदतीला उठणार तोच काकांनी हात आडवा धरला. शेवटी तीच टेबलाशी आली. "ह्या पुस्तक घराक नेलंय तर चलात?"

फॉर्म मी पुढच्या खेपेला भरला.

ती गेल्यावर मी काकांना विचारलं, ही युक्ती कुठे शिकलात? ते फडकं झटकून घडी घालू लागले.

"माझी बायल एकदा हयसर इल्ली, बाईनू. मी तेवा नवीन. मीच तिका चार माणसांत मोठ्यान इचारलंय, काय व्हया गो? काय नाय म्हणान घराक गेली. परत इली नाय."

मग घरी बायकोला विचारलं नाहीत का, असं मी म्हटलं.

"आज इचारतंय, उद्या इचारतंय करता करता तीच गेली," काका म्हणाले. "तिका काय वाचूचा होता, ता माका कधीच समाजला नाय."