विचारत नाही, सांगतेय

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून जुंपलेली असते आणि मध्येच गंगूताई ताडकन उठून जाहीर करतात, "मी बाथरूमला जाऊन येते. विचारत नाही, सांगतेय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अंगावर चहा सांडून घेतला होता. आता सवय झाली. मंगलाष्टकं चालू असोत की डॉक्टरांनी छातीला नळी लावलेली असो, ही घोषणा होतेच. कात्रजला एकदा त्यांनी अख्खी बस थांबवून ठेवली आणि परत आल्यावर "चला आता" म्हणून ड्रायव्हरला परवानगीही दिली.

ताई आमच्या समोरच्या. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी बल्बच्या कारखान्यात होत्या, तिथली बायकांची पहिली युनियन बांधणाऱ्यांपैकी एक. त्यांच्याकडे अजून भाजीसुद्धा हात वर करून ठरते. घरात त्या एकट्याच, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पार्किंगमधला संडास घाण राहतो म्हणून मागच्या महिन्यात मी त्याला कुलूप ठोकलं. कामाला येणाऱ्या बायकांनी माझ्याकडून किल्ली मागून न्यायची आणि परत आणून द्यायची. माझ्या मते ही उत्तम शिस्त होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर दहा-बारा बायका आणि मध्ये स्टुलावर ताई. मी तणतणत खाली गेलो. मागितली की किल्ली देतोच ना मी, म्हणालो.

ताई सावकाश उतरल्या आणि मला कट्ट्यावर बसवलं. त्यांच्या कारखान्यात सगळ्या बायकांना मिळून एकच पितळी बिल्ला होता. मुकादमाकडे तो मागायचा, मगच संडासला जायचं. शेजारी बसणाऱ्या कुसुमने एकदा तीन वेळा मागितला. मुकादमाने दिला नाही. तिची साडी बाकावरच भिजली.

"सगळ्या हसल्या," ताई म्हणाल्या. "मीपण हसले. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. नंतर युनियन झाली, बिल्ला गेला. कुसुम काही परत आली नाही."

मला स्वतःची फार लाज वाटली. जाऊन कुलूप काढून टाकलं.

परवा आमच्याकडे भांडी घासणारी मंदा हात पुसत दारात आली. "दादा, खाली जाऊन येते."

समोरच्या दारात ताई उभ्याच होत्या. "पुढचं म्हण की."

मंदा लाजली, पण म्हणाली. ती जिना उतरेपर्यंत ताई कठडा धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"एवढीच होती कुसुम," त्या म्हणाल्या.