यमुनाबाई, खोली चार

भामरे आप्पा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी चपला काढतात. नाशिकच्या आमच्या दवाखान्यात ते केसपेपरच्या खिडकीत बसतात, आणि मी तिथली कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळतो. आप्पांनी पेशंटचं नाव टाकलं की पाळी आल्यावर स्पीकरमधून एका बाईचा आवाज ते पुकारायचा. आप्पांच्या लेखी ती खरीच बाई. पाळीवरून कोणी हुज्जत घातली की सटाण्याचा हा माणूस दरडावायचा, "बाई बोलनी का? मग बसा!" स्पीकरवर धूळ दिसली की मला शिडीवर चढवायचा. का, तर बाईचा घसा बसेल!

पण रोज जेवणाच्या सुट्टीत, डॉक्टर नसताना, ती बाई म्हणायची, "यमुनाबाई, खोली चार."

कोणी उठत नसे. सफाईवाल्या मावशी चारमध्ये एकट्या जाईनात. लेकीकडे राहून रोज पट्टी बदलायला येणारी कळवणची आजी हाक ऐकताच, जणू कोणाला वाट द्यायला, वाटेतले पाय जवळ ओढून घ्यायची. तिचं बघून पुढेपुढे अख्खा बाक पाय ओढू लागला. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण हाकेमागोमाग चारचं दार किंचित हलायचं आणि माझा घास तोंडातच राहायचा.

मग नवी यंत्रणा आली. "आप्पा, उद्यापासून नावं बंद. बाई नुसते नंबर पुकारणार," मी सांगितलं.

आप्पांचा चेहरा पडला. "एक नाव राहू द्या ना, भाऊ."

"कोणाचं?"

"यमुनाचं. माझी बायको. गेली ती." ते खाली बघत राहिले. "आमच्यात बायकोचं नाव घ्यायची रीत नही. 'अगं'वरच संसार झाला. जाताना म्हने, एकदा नावानं हाक मारा. सून उभी व्हती, मला लाज वाटली. म्हनून बाईकडून हाक मारून घेतो. चार तेव्हा रिकामी राहते, कोनाची पाळी जात नही."

मला फार वाईट वाटलं, पण नव्या यंत्रणेत नावाला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत स्पीकर गप्प होता. आप्पा अनवाणीच खिडकीबाहेर आले. भर गर्दीत उभे राहिले, दोनदा खाकरले.

"यमुना!"

कोणी उठलं नाही. कळवणच्या आजीने पाय जवळ ओढून घेतले. मग साऱ्या बाकाने. मीही.