गिरवलकर कॅमेरा तपासतात

आमच्या गिरवलकरांनी एकदा मुलीसाठी आलेल्या स्थळाच्या पत्रिकेवर पिवळा कागद चिकटवून ठेवला होता. पिवळा म्हणजे होल्ड, हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. पिरंगुटजवळच्या आमच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचं त्यांचं काम, आणि पिवळा कागद लागलेल्या मालाला त्यांच्या सहीशिवाय मालकानंही हात लावायचा नाही असा नियम. हा नियम त्यांनी घरीही आणला. कारखान्याजवळच्या भरे गावात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. त्यांच्या घरचा नवा कुकर सतरा दिवस पिवळा कागद लावून ओट्यावर बसला होता आणि वहिनी बिचाऱ्या पातेल्यात डाळ शिजवत होत्या.

मी प्रॉडक्शनला. म्हणजे आमचा उभा दावा. माझी मशीन मालावाचून बंद, कामगार तंबाखू मळत बसलेले, आणि हे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून एकेक नट फिरवून बघताहेत. किती वेळा भांडलो असेन. त्यांचं उत्तर ठरलेलं, "जाधव, खोक्यावर काय, काहीही छापतात. आपण बघितल्याबिगर खरं मानायचं नाही."

मला पुष्कळ दिवस वाटायचं, माणूस खडूस आहे. मग शेजारी राहून कळलं, माणूस भित्रा आहे. विजा चमकायला लागल्या की रबरी चपला घालून पलंगावर बसायचे. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं बसून त्याच्याबरोबर स्वतःही पाय दाबायचे. आणि सगळ्यात मोठी भीती पाण्याची. मूळचे दुष्काळी आष्टीकडचे, लहानपणी पाणी बघितलं ते टँकरचं आणि घागरीतलं. मुळशी धरणाच्या कडेनं बस जायला लागली की दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायचे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी समुद्रात जायला निघाली.

ही दोन हजार नऊची गोष्ट. मनीषानं, म्हणजे मनूनं, एमेस्सी केलं, पुण्याच्या हॉस्टेलात राहून गुपचूप पोहायला शिकली, आणि अंदमानला प्रवाळांची पाहणी करायच्या कामावर तिची निवड झाली. सहा महिने. रोज बोटीनं जायचं, पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरायचं, फोटो काढून वर यायचं. तिनं घरात सांगितलं त्या संध्याकाळी समोरच्या दारातून हूं की चूं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं माझी बायको म्हणाली. मनू गुणी पोर. ती एवढंच म्हणाली, बाबा हो म्हणाले तरच जाईन. गिरवलकर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्या कामाला कॅमेरा लागतो ना? तो आधी पास होऊ दे. मग बोलू."

कॅमेरा आला. मुठीत मावेल एवढा, नारिंगी रंगाचा. खोक्यावर छापलेलं होतं की हा दहा मीटर पाण्यात तासभर चालतो, दोन मीटरवरून पडला तरी फुटत नाही, शंभर किलो वजन पेलतो आणि बर्फात गोठत नाही. गिरवलकरांनी चारही दावे वहीत उतरवून घेतले आणि खोक्याला पिवळा कागद लावला. मनूला निघायला अकरा दिवस होते.

पहिला दिवस कॅमेऱ्यानं फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली काढला. बाहेर काढून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो घेतला आणि त्यातली एकादशी वाचता येते का ते भिंगातून बघितलं. येत होती. मग स्टुलावर चढून, टेपनं दोन मीटर मोजून, त्यांनी तो फरशीवर टाकला. सहा बाजू, प्रत्येक बाजूवर दोनदा. वहिनी दर वेळी डोळे मिटत होत्या. एकादशी तशीच स्पष्ट.

वजनाला मला बोलावणं आलं. माझं वजन ब्याण्णव. माझ्या हातात आठ किलो ज्वारीची पिशवी दिली, कॅमेऱ्यावर पोळपाट ठेवला आणि त्यावर मला उभं केलं. वहिनी एका बाजूनं, मनू दुसऱ्या बाजूनं धरून. कडकन आवाज झाला. गिरवलकरांचा चेहरा असा काही उजळला की मला नवल वाटलं. पण तडकला होता तो पोळपाट. कॅमेऱ्यावर चरासुद्धा नाही. ते मटकन खुर्चीत बसले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा माणूस नापासाची वाट बघतोय. कॅमेरा नापास तर मनू घरात.

जिन्यात गाठून मी म्हटलं, "साहेब, लावा की लाल कागद. कोण बघायला येतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वीस वर्षांत खोटी सही केली नाही, जाधव. आता लेकराच्या बाबतीत करू?" आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

मग बादली झाली, गच्चीवरची टाकी झाली. राहिले दहा मीटर. मनू निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी त्यांना मोटारसायकलवर घालून मुळशीच्या जलाशयावर नेलं. तिथं होडीतून मासे धरणारे धोंडूमामा माझ्या ओळखीचे.

"धा मीटर पानी? हाय की, लई हाय," मामा म्हणाले. "पर येवढ्याशा डबीला बुडवाया येवढ्या लांब आला व्हय?"

गिरवलकरांनी घरून दोन ट्यूबा आणल्या होत्या, ट्रकच्या. एक त्यांनी कमरेला अडकवली, दुसरी मला घालायला लावली. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसून बेजार झाल्या. होडी हलली तसं माझं हसू मात्र आटलं. खाली काळंभोर पाणी, वर ऊन, आणि समोर हा माणूस दोन्ही हातांनी फळी धरून, ओठ पांढरे पडलेले. मलाही पोहता येत नाही. भीती अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. होडी जरा कलली की आम्ही दोघं एकदम मामांकडे बघत होतो.

दर मीटरला गाठ मारलेली नायलॉनची दोरी त्यांनी खाली सोडली. दहा गाठी. मग एक तास घड्याळाकडे बघत बसले. दोरी वर ओढली, कॅमेरा रुमालानं पुसला, माझा फोटो घेतला आणि भिंग लावून बघितला. फोटोत मी रडवेला, पण स्पष्ट होतो.

"पास," ते म्हणाले. एखाद्याला वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले.

काठावर आलो. मी मामांशी माशांचं काहीतरी बोलत होतो, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. वळून बघतो तर चिखलात ट्यूब पडलेली, शेजारी चपला, आणि गिरवलकर छातीभर पाण्यात उभे. हाक मारायच्या आत त्यांचं डोकं खाली गेलं.

माझ्या मनात काय आलं ते सांगायलाही नको वाटतं. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि पाय पुढे टाकवेना. तिथंच उभा राहून ओरडत होतो. मामांनी झेप घेऊन त्यांची कॉलर धरली आणि ओढत बाहेर आणलं. मी त्यांना नको नको ते बोललो. घरी वहिनींना काय सांगणार होतो, अक्कल कुठे गहाण ठेवली होती, सगळं बोललो.

ते चिखलात बसून खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "ती उतरणार तिथं काय असतं, ते बघायचं होतं. जाधव, आत काही ऐकू येत नाही हो. मी तुम्हाला हाक मारून बघितली. नुसतं तोंडात पाणी गेलं. तिनं हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल?"

धोंडूमामाच म्हणाले, "पान्यात हाक न्हाई मारत, सायेब. दोरीला दोन हिसके द्यायचे. वरच्याला कळतंय, मानूस ठीक हाय."

घरी येऊन त्यांनी ओल्या कपड्यांनीच मनूला सांगितलं, "पास झाला. जा." ती गळ्यात पडली. मग म्हणाले, "रोज पाण्यातून वर आलीस की दोन मिस्ड कॉल द्यायचे. मी उचलणार नाही, तू बोलायचं नाहीस. फक्त दोन." ती हसायला लागली, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली आणि मान हलवली.

मनू गेली. रोज चारच्या सुमारास गिरवलकर हातातलं काम ठेवून मोबाईल टेबलावर काढायचे. एकदा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मग ते भिंग उचलायचे. आमच्या कारखान्यात सगळ्यांना सवय झाली. दुसरी रिंग झाल्याशिवाय त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

एक दिवस एकच वाजली.

ते उभे राहिले. फोन लावला तर लागेना. त्या बेटावर रेंज फक्त जेटीवर, हे मनूनं सांगितलेलं होतं. रेंज गेली असेल, बॅटरी गेली असेल, मी आपलं बोलत राहिलो. ते ऐकतच नव्हते. मी मशीन बंद करायला लावली. वीस-पंचवीस माणसं हात पुसत येऊन उभी राहिली. मी त्यांचा दंड धरला होता, त्यांना आधार म्हणून की मला, कोण जाणे. अकरा मिनिटं गेली. माझ्याच घड्याळात मोजली मी.

फोन वाजला. एकदा, आणि थांबला.

"वर आली," गिरवलकर म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसले. माणसं पांगली, कोणीतरी मशीन सुरू केली. मी चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "झालं ना आता? सोडा काळजी."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. प्यायले नाहीत.

"उद्या परत उतरणार हो ती," म्हणाले.