घरात हालचाल दिसत नाही

आत्याने दिवसभर फोन उचलला नाही, इथून सगळं सुरू झालं.

खरं तर त्यात नवल काहीच नव्हतं. आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून तिने लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, त्यांची भांडणं ऐकली, जुळणारी लग्नं ऐकली, मोडणारीही ऐकली. निवृत्त झाली त्या दिवशी तिने जाहीर करून टाकलं, की आता फोन वाजला तर खुशाल वाजू दे, मी त्याचा पगार घेत नाही. तेव्हापासून तो वाजायचा आणि ती त्याच्या शेजारी बसून पेपर वाचायची.

त्या दिवशी मात्र ती घरातच नव्हती. ती तरणतलावावर होती. या वयात तिला पोहायला शिकायची हुक्की आली होती, आणि एकदा तिच्या मनाने घेतलं की घेतलं. भाच्याला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती, कारण भाचा विमा कंपनीत होता. माणसाला काय काय होऊ शकतं, याचा विचार करायचाच त्याला पगार मिळायचा. आत्या पाण्यात उतरते हे कळलं असतं, तर त्याने तलाव बुजवायचा अर्ज केला असता.

संध्याकाळी तो धापा टाकत आला, तेव्हा आत्या निवांत चहा घेत होती. त्याने आधी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग तिला फैलावर घेतलं. एकटी राहतेस, पडलीस बिडलीस तर कुणाला पत्ता लागायचा नाही, त्यापेक्षा आमच्याकडे चल, मागची खोली रिकामीच आहे. मागच्या खोलीचं नाव निघताच आत्याने कप खाली ठेवला. हे घर तिने स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. कुठली खिडकी कधी उघडायची, दिवा कधी मालवायचा, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. भाच्यावर तिचा जीव होता. पण चोवीस तास त्याच्या काळजीखाली राहायची कल्पना तिला सहन होईना. बरीच वादावादी झाल्यावर तडजोड निघाली. आत्याच्या घरात यंत्रं बसवायची. महिनाभरात भाच्याच्या मोबाइलवर तीनदा धोक्याची लाल खूण आली, तर आत्याने मुकाट्याने सामान बांधायचं.

रविवारी भाचा खोकी घेऊन हजर झाला. दिवाणखान्यात कॅमेरा आला, त्यातूनच बोलायची सोय. दाराला आणि फ्रिजला बटणाएवढे डोळे चिकटले. गादीखाली वजन टिपणारी एक पट्टी सरकली. गोळ्यांचा डबा असा आला, की झाकण उघडलं की लगेच मोबाइलवर नोंद. यात त्याचा वर्षाचा बोनस गेला, वर दर महिन्याची फी निराळी. पण चेहरा असा फुलला होता, जणू घराला तटबंदीच घातली. सूनबाई, म्हणजे त्याची बायको, खाली स्टूल धरून उभ्या होत्या.

"हे माझं बोलणं ऐकणार?" आत्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"छे गं. कंपनी काही ऐकत बिकत नाही. तशी लेखी हमी आहे."

"आम्हीही लोकांना हेच सांगायचो," आत्या म्हणाली.

पहिली लाल खूण दोनच दिवसांत आली. आत्या आरामखुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. एक शब्द अडला होता, तो काही केल्या सुटेना, म्हणून बाई मान खाली घालून बसल्या त्या बसल्याच. यंत्राने कळवलं, घरात हालचाल दिसत नाही. कॅमेऱ्यातून भाच्याचा गळा काढल्यासारखा आवाज आला आणि आत्याच्या हातातलं पेन उडालं. विचार करणं म्हणजे हालचाल नाही, हे त्या दिवशी तिला कळलं. दुसरी खूण पोहायला गेल्यामुळे आली. दार वाजलं, मग घर गप्प. बाजारात गर्दी होती, असं सांगून तिने वेळ मारून नेली. आता एकच खूण उरली होती, आणि महिन्याचा मोठा भाग अजून जायचा होता.

पोहणं सोडावं? आत्याने हा विचार जेमतेम एक घोट चहा संपेपर्यंत केला. नुकतीच ती काठ सोडून चार हात मारू लागली होती. पोहणंही सोडायचं नाही आणि घरही सोडायचं नाही, असं ठरवून ती उठली आणि तिने जुन्या मैत्रिणींना बोलावणं पाठवलं.

मैत्रिणी म्हणजे एक्स्चेंजमधल्याच. एक सुपरवायझरबाई. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या अजून दारातून आत आल्या की बाकीच्या पाठ ताठ करून बसायच्या. दुसरी ट्रंकवाली. लांबच्या गावांचे कॉल जोडून जोडून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात बोलली तरी गल्लीला ऐकू जायचं. तिसरी बिचारी अबोल, तिला सगळ्या 'गुपचूप' म्हणत. कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून बैठक जिन्यात भरली. आत्याने अडचण सांगितली. सुपरवायझरबाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "म्हणजे तू नसताना बोर्डावर माणूस हवं, एवढंच ना?"

एवढंच होतं. आत्या पोहायला जाईल तेव्हा मैत्रिणींनी आळीपाळीने ड्यूटी करायची. जी येईल तिने आत्याची राखाडी शाल पांघरून खिडकीकडे तोंड करून बसायचं. कॅमेऱ्याला दिसणार ती पाठ आणि पांढरा अंबाडा, आणि तो सगळ्यांचाच सारखा. मधूनमधून उठून चालायचं. एक्स्चेंजचे सगळे नियम लागू. बदली आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आपल्या नावाने बोलायचं नाही. आणि ड्यूटी हातात घेतली, की आधी सगळ्या लाइनी एकदा तपासून बघायच्या.

आठवडाभर दृष्ट लागावी असं चाललं. भाचा ऑफिसात सगळ्यांना मोबाइल दाखवत फिरला. सगळं हिरवंगार. आत्या वेळेवर उठते, घरात फिरते, फ्रिज उघडते. पैसे वसूल झाले, असं त्याने साहेबांनाही पटवलं. इकडे आत्या तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन परत येऊ लागली होती.

घात केला तो लाइनी तपासायच्या नियमाने. त्या दिवशी आत्याची पोहण्याची परीक्षा होती, तलावाची पूर्ण लांबी पार करायची, म्हणून तिला सकाळपासून जायचं होतं आणि तिघींनाही ड्यूटी लागली होती. आत्याने जाताना आपली रक्तदाबाची गोळी घेतली. मग गुपचूप आली. तिने नियमाप्रमाणे दार उघडून मिटलं, फ्रिज उघडून मिटला, गादीवर बसून पाहिलं आणि गोळ्यांचा डबा उघडून लावला. तिच्या जागी सुपरवायझरबाई आल्या. त्यांनीही तेच केलं, आणि समाधान होईना म्हणून दुसऱ्यांदा केलं. त्यांच्या जागी ट्रंकवाली आली. ती अंगाने भरलेली. ती गादीवर बसली आणि पट्टीने कळवलं, की वजनात अचानक मोठी वाढ. त्यानंतर तिने डबा उघडला.

भाच्याच्या मोबाइलवर लालच लाल झालं. आत्याने सकाळपासून रक्तदाबाच्या पाच गोळ्या घेतल्या होत्या आणि त्या तिला सुजवत होत्या. त्याने फोन लावला. कुणी उचलला नाही. शेवटी कॅमेऱ्यातून तो जीव तोडून ओरडला, "आत्या. आत्या, ऐकतेस ना? आत्याशी बोलायचंय मला."

ट्रंकवालीने आयुष्यभर जे केलं, तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"थांबा, जोडून देते," ती म्हणाली. मग काही क्षणांनी, जुन्या सवयीने, "नंबर उत्तर देत नाही."

भाच्याने वाटेत डॉक्टरांना उचललं, सूनबाईंना उचललं आणि गाडी दामटली. दार उघडून तो आत शिरला, तर आत्याच्या खुर्चीत आत्याची शाल घेऊन भलतीच बाई. त्याने सूनबाईंचा हात धरला. ट्रंकवाली बदली आल्याशिवाय खुर्ची सोडायला तयार नव्हती, आणि डॉक्टरांना पेशंट हवा होता, म्हणून त्यांनी तिचाच रक्तदाब घेतला. तो बराच वाढलेला निघाला. बातमी लागून सुपरवायझरबाई आणि गुपचूपही धावत आल्या. डॉक्टरांनी त्यांचेही घेतले.

या गर्दीत आत्या आली. ओले केस, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद. भाच्याला पाहून तो विझला. मग तिने काही लपवलं नाही. पोहणं, ड्यूट्या, शाल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

भाचा खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तू बुडाली असतीस तर, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने नाक पुसलं आणि आवाज घट्ट केला.

"तिसरी खूण झाली, आत्या. ठरलं होतं आपलं. सामान बांध."

आत्याने पिशवी खाली ठेवली.

"बांधते. शब्द दिलाय. पण एक सांग. आठवडाभर मी घरात नसायचे, तेव्हा तुझं यंत्र काय सांगत होतं?"

"हिरवं," भाचा पुटपुटला.

"आणि आज तीन बाया माझ्यासाठी इथे राबत होत्या, तेव्हा?"

डॉक्टर उगाचच आपली बॅग आवरू लागले. आत्याला भाच्याची दया आली. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, की बाबा रे, तुला माझी काळजी वाटते ते मला कळतं, पण मी कशी आहे हे तू त्या खोक्याला विचारतोस. ये की कधी तलावावर. भाच्याने मान खाली घातली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सगळ्या बायांनी दचकून एकदम फ्रिजकडे पाहिलं. पण ही खूण या घरची नव्हती. पडद्यावर भाच्याच्याच घराचं चित्र होतं, त्यांचाच दिवाणखाना, त्यांचंच स्वयंपाकघर, आणि खाली लाल अक्षरं: घरात हालचाल दिसत नाही.

आत्याने पडद्याकडे पाहिलं आणि मग सूनबाईंकडे. सूनबाईंची नजर जमिनीवर होती.

"यांनी आमच्याकडे आधीच बसवलंय," त्या म्हणाल्या. "कालपर्यंत मला वाटायचं, यावर काही उपायच नाही." मग त्या सुपरवायझरबाईंकडे वळल्या. आवाज शांत होता आणि त्यांचं काहीतरी पक्कं ठरलेलं दिसत होतं. "आत्याबाई कुठेही जाणार नाहीत. त्यांच्या घरच्या ड्यूट्या आता सुटल्या ना? मग उद्यापासून आमच्या घरी कुणी येऊ शकेल का?"

भाचा ताडकन उभा राहिला. सुपरवायझरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"सकाळची ड्यूटी लावू की दुपारची?" त्यांनी विचारलं.