चामराजपेटचे चीफ इंजिनियर

भास्करअण्णांनी एकदा वऱ्हाडाची अख्खी बस पाऊण तास अडवून धरली होती. ड्रायव्हरचं लायसन्स घरी राहिलं होतं. नवरदेव आत घाम पुसत बसलेला, मुहूर्त जवळ आलेला, आणि अण्णा बसच्या दारात उभे. "सर्टिफिकेटशिवाय जहाज बंदर सोडत नाही," एवढंच ते म्हणाले. शेवटी ड्रायव्हरचा भाऊ सायकलवरून लायसन्स घेऊन आला. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं, 'सरी', म्हणजे ठीक, म्हणाले आणि बाजूला झाले.

अण्णा माझे घरमालक. मी सरकारी कारखान्यात नवा लागलो होतो आणि बेंगळूरच्या चामराजपेटेत त्यांच्या माडीवर राहत होतो. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. पण अण्णा मालवाहू बोटीवरचे निवृत्त चीफ इंजिनियर, त्यामुळे घरही बोटीच्या कायद्यानं चाले. प्रत्येक जागेवर लायक अधिकारी हवा. स्वयंपाकघर त्यांच्या पत्नीचं, कमलाक्कांचं. तिथं अण्णासुद्धा विचारून आत जात. न्हाणीघरातला बंब अण्णांचा. तो पेटवायची परवानगी मिळवायला मला तोंडी परीक्षा द्यावी लागली. पहिल्या खेपेला मी नापास झालो. डिसेंबरातल्या बेंगळूरात आठवडाभर गार पाण्यानं आंघोळ करायची शिक्षा झाली. तिसऱ्या दिवशी कमलाक्कांनी चुलीवरचं पाणी बादलीत ओतून दिलं. स्वल्प गरम आहे, पण त्यांना बोलू नकोस, असं वर बजावलं.

संध्याकाळी ओट्यावर बसले की अण्णा आपली हकीकत सांगत. गोऱ्यांच्या बोटीवर ते वीस वर्षं होते. आपल्या माणसाला तिथं चौथ्या इंजिनियरसारख्या खालच्या जागा मिळत. चीफची जागा कधीच नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या एका नव्या कंपनीनं ती बोट विकत घेतली. मालक आपले म्हणजे झेंडाही आपला. पण झेंडा चढवून बोट हलत नाही. कॅप्टन आणि चीफ सर्टिफिकेटवाले असल्याशिवाय तिला निघताच येत नाही, आणि कंपनीला तिथं आपलीच माणसं हवी होती. कॅप्टन मिळाला, चीफ मिळेना. नुकतंच चीफचं सर्टिफिकेट मिळवलेला एकच माणूस हाताशी होता.

"बोट खोळंबली होती ती चामराजपेटच्या माणसासाठी," असं म्हणून अण्णा ताठ बसत. मी हे पन्नासदा ऐकलं असेल. दर वेळी माझीही मान ताठ व्हायची.

एका रविवारी स्कॉटलंडहून पत्र आलं. अण्णांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं. ते नेहमीचं नव्हतं. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. "तूच वाच," म्हणाले.

मॅक नावाच्या कुणाच्या मुलीनं लिहिलं होतं. वडील गेले. शेवटपर्यंत तुम्ही पाठवलेली कॉफी पीत होते. कपाटात तुमची सगळी पत्रं नीट ठेवलेली सापडली, ती आम्ही जपून ठेवू.

हे मॅक कोण, मला ठाऊक नव्हतं. कमलाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या; त्यांनीच सांगितलं. मॅक हे त्या बोटीचे आधीचे चीफ. अण्णांना त्यांनीच शिकवलं. परीक्षेला बसायला चीफच्या सहीचा दाखला लागतो. तोही त्यांनी दिला. बोट विकली जाणार, नव्या मालकांना भारतीय चीफ लागणार, हे तेव्हा त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्या एका सहीनं आपली जागा जाणार, हे त्यांना कळत होतं.

"सही करून वर म्हणाले, आता पास होऊन ये," अण्णा म्हणाले. "मी चार्ज घेतला तेव्हा इंजिन पुसून लख्ख करून ठेवलं होतं. एक नट सैल नव्हता."

कमलाक्का आत जाऊन कॉफी घेऊन आल्या. ती तशीच निवली.

उत्तर लिहायला अण्णांनी मलाच बसवलं. दोन ओळी सांगायला त्यांना तासभर लागला. खाली नाव लिहून मी सवयीनं 'चीफ इंजिनियर' लिहायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. लिही, तुमच्या वडिलांच्या हाताखालचा चौथा इंजिनियर."