तारेतून येणारा चोर

आमच्या सौसरच्या सहकारी संस्थेचे हेडक्लार्क गुलाबराव रोज संध्याकाळी कॉम्प्युटरची वायर काढत आणि पिशवीत घालून घरी नेत. खाली वांगी, त्यावर कोथिंबीर आणि सगळ्यात वर वायर. ऐंशीचे दशक संपत आले होते. कपाशी-संत्र्यांच्या हिशेबासाठी संस्थेत नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच सुमारास गुलाबरावांनी पेपरात वाचले, की परदेशात चोर तारेतून कॉम्प्युटरमध्ये शिरतात.

"पण आपल्याकडे कोणती तार आहे?" मी विचारले.

"विजेची नाही का? सारणीच्या वीजघरातून निघाला तं इथं पोचाले किती वेळ लागते? सावधानी पाहिजे जी!"

कॉम्प्युटरलाही व्हायरस होतो हे कळल्यापासून सर्दीवाल्यांना त्या खोलीत बंदी होती. रामाकोन्याचा एक शेतकरी दारातच शिंकला, तर गुलाबरावांनी आधी मशीनवर टॉवेल टाकला आणि मग त्याला काम विचारले.

एवढा बंदोबस्त करणारा हा गृहस्थ पासवर्ड मात्र मोठ्याने म्हणत टाइप करायचा. एका बोटाने, सावकाश. "एस... यू... एम... ए... एन." आणि मग खणखणीत, "सुमन!" समोरच्या पानठेलेवाल्यालाही तो पाठ होता.

एकदा नागपूरहून इंजिनिअर आला. त्याने हे ऐकून कपाळाला हात लावला.

"काका, चोर तारेतून कशाला येईल? तुम्हीच त्याला दार उघडून देता. आजच्या आज हा शब्द बदला."

सावधानीचा जप करणारे गुलाबराव म्हणाले, "नाही बदलत जी."

"काहून?" मी विचारले.

नसलेली धूळ ते रुमालाने पुसत राहिले. "आमच्यात बायकोचं नाव घ्याची रीत नाही. ते होती तवा 'अवं' म्हणूनच हाक मारली. हे मशीन आलं त्याच्या आधीच गेली ते. आता हे रोज सकाळी मले नाव इचारते, अन् मी सांगतो."

इंजिनिअर म्हणाला, "मग निदान मनात तरी म्हणा, काका."

"मनातच तं म्हटलं जी जलमभर."

मला फार वाईट वाटले. इंजिनिअरने पुढे विषय काढला नाही आणि पासवर्डही तोच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गुलाबराव मशीनसमोर बसले, की आम्ही सगळे त्या खोलीचे दार ओढून चहाला बाहेर पडू लागलो. पानठेल्यापर्यंत ऐकू यायचेच. पण ऐकले, असे कोणी कधी म्हटले नाही.